अमेरिकन साहित्यातल्या ठोकळेबाज बायका अकरावीला कशा शिकवाव्यात?

अकरावीचं_इंग्रजी

न्यू जर्सीतलं सरकारी हायस्कूल, अकरावीचा अमेरिकन साहित्याचा वर्ग. २८ मुलं, तास ४२ मिनिटांचा. 'अमेरिकन साहित्यातल्या स्त्रियांच्या साचेबंद प्रतिमा' या विषयाला तीन आठवडे, म्हणजे १५ तास मिळणार आहेत. शाळेत 'द ग्रेट गॅट्स्बी', 'ऑफ माइस अँड मेन' आणि झोरा नील हर्स्टनचं 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' यांच्या पुरेशा प्रती आहेत. बाकी उतारे छापून देता येतील.

या विषयाचा तयार आराखडा सगळीकडे एकच मिळतो. पहिल्या दिवशी यादी वाटायची: सोज्वळ माता, मोहात पाडणारी, कजाग बायको, वेडी, एकटी म्हातारी. मग पुस्तकात जी बाई येईल तिच्यावर त्यातला एक शिक्का मारायचा. तसं करायचं नाही. त्यात मुलं जोड्या लावून मोकळी होतात, वाचन होतच नाही.

विचारायचं आहे ते असं. सुरुवात कोणत्या मजकुरापासून करावी? पूर्ण कादंबरी किती वाचायची आणि उताऱ्यांवर किती भागवायचं? मुलगे एक तर गप्प बसतात, नाहीतर 'त्या काळी असंच होतं' म्हणून विषय संपवतात, त्यावर काय करावं? आणि शेवटी गुण नेमके कशाला द्यावेत?

तळटीप

यादी पहिल्या दिवशी देऊ नका, हे अगदी बरोबर. साचा पात्रात नसतो, तो वाक्यात असतो. कोण बोलतंय, कोणाबद्दल बोलतंय, तिला नाव कोणी दिलं, तिचं स्वतःचं बोलणं अवतरणचिन्हांत येतं की दुसऱ्याच्या तोंडून कळतं, हे मुलांना बोटाने दाखवता आलं पाहिजे. ते एकदा जमलं की यादी त्यांची तीच बनवतात.

सुरुवात वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या 'रिप व्हॅन विंकल'पासून करा. १८१९ची कथा आहे आणि कजाग बायकोचा अमेरिकन साचा इथे अगदी उघड्यावर दिसतो. फक्त दोन उतारे घ्या: रिपच्या घरादाराचं सुरुवातीचं वर्णन, आणि डोंगरात वीस वर्षं झोपून तो परत येतो तो प्रसंग. दोन रंगांची हायलायटर द्या. पिवळ्याने डेम व्हॅन विंकलच्या, म्हणजे रिपच्या बायकोच्या, तोंडचं प्रत्येक थेट वाक्य, हिरव्याने निवेदक तिच्याबद्दल जे म्हणतो ते. दहा मिनिटं पुरतात. कागद हिरवागार होतो आणि पिवळा रंग कुठेच लागत नाही. जिच्या जिभेला सगळं गाव भितं, तिचं एकही वाक्य कथेने आपल्याला ऐकवलेलं नाही. तिचं पाळण्यातलं नावही सांगितलेलं नाही.

हे फळ्यावर आलं की पुढचा प्रश्न: ती नेमकं कशावरून बोलते? मुलांना पुन्हा मजकुरात पाठवा. कुंपणं पडलेली आहेत, गाय भटकते किंवा कोबीत शिरते, पोरं फाटक्या कपड्यांत हिंडतात, वाडवडिलांची जमीन घटत घटत मका-बटाट्याच्या तुकड्यावर आलेली आहे. आणि नवरा शेजाऱ्यांच्या कामाला सदैव हजर. निवेदक हे सगळं हसत हसत सांगतो, पण सांगतो. रिप परत येऊन पडक्या घरात शिरतो त्या वाक्यात तर निवेदक मान्यच करतो की खरं सांगायचं तर हे घर डेमने नेहमी नीटनेटकं ठेवलं होतं. हे वाक्य मुलांकडून हमखास सुटतं. त्यावर पाच मिनिटं थांबा, कारण कथेने स्वतःच दिलेला पुरावा कथेच्याच विनोदाविरुद्ध जातो तो इथे.

दुसऱ्या तासाला लेखन. डेमच्या बाजूने २०० शब्दांची तक्रार लिहायची. अट एकच: कथेत नसलेली एकही घटना घालायची नाही. ही अट काढली तर रिप दारुडा आणि मारकुटा होतो, डेम देवी होते, आणि एका साच्यातून काढून बाईला दुसऱ्या साच्यात घातल्यासारखं होतं.

त्यानंतर केट शोपँची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर', १८९४. इंग्रजीत हजारेक शब्दांची आहे, एका तासात दोनदा वाचून होते. इथे फक्त नावांचा माग काढायचा. सुरुवातीला ती 'मिसेस मॅलर्ड' आहे. नवरा गेल्याची बातमी ऐकून खोलीत एकटी बसते तेव्हा बराच वेळ नुसती 'ती'. 'मोकळी, मोकळी' असं ती पुटपुटते आणि त्यानंतर बहीण दाराबाहेरून हाक मारते, तेव्हा 'लुईस' हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं. शेवटी मात्र तिच्याबद्दलचा अखेरचा शब्द डॉक्टरांचा: आनंदाचा धक्का बसून गेली. तिच्या मनात काय होतं ते वाचकाला माहीत आहे, खोलीतल्या एकाही माणसाला नाही. 'नाजूक हृदयाची बायको' हा साचा डॉक्टर तिच्यावर मरणानंतर कसा बसवतात ते मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं.

या कथेत मुलं एक चूक जवळजवळ नेहमीच करतात: 'नवरा छळत असणार.' तसं नाही. त्याचा चेहरा तिच्याकडे प्रेमाशिवाय कधी वळला नाही असं मजकुरात स्पष्ट आहे. शोपँचा मुद्दा त्याहून कठीण आहे. चांगल्या हेतूने का होईना, एका माणसाने आपली इच्छा दुसऱ्यावर लादणं हाच गुन्हा, असं लुईसला त्या घटकेला वाटतं. तो परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या, नाहीतर अख्खी चर्चा दुष्ट नवऱ्यावर घसरते.

प्राजक्ता_दे

तळटीप यांनी सांगितलेल्या पद्धतीला सुझन ग्लास्पेलची १९१६ची एकांकिका 'ट्रायफल्स' जोडाच. रंगमंचावर पाचच पात्रं: काउंटी ॲटर्नी (सरकारी वकील), शेरिफ, शेजारी हेल, आणि मिसेस पीटर्स व मिसेस हेल. जिच्यावर नवऱ्याच्या खुनाचा संशय आहे ती मिनी राइट रंगमंचावर येतच नाही. १९०० साली आयोवात झालेल्या जॉन हॉसॅक यांच्या खुनाची बातमीदारी ग्लास्पेल यांनी केली होती, त्यातून ही एकांकिका आली. त्या खटल्याच्या ज्युरीत बाई बसणं शक्यच नव्हतं. एवढी पार्श्वभूमी दोन मिनिटांत सांगून नाटक सुरू करा.

फळ्यावर स्वयंपाकघराचा नकाशा काढा: चूल, टेबल, फडताळ, खिडकी, वरच्या मजल्याचं दार, बाहेरचं दार. पाच मुलं वाचतील, दोन मुलं फळ्याजवळ उभी राहून नोंद करतील की कोणती वस्तू कोणाला सापडली आणि त्या वेळी पुरुष कुठे होते. अर्धवट पुसलेलं टेबल, थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, गोधडीचा एकच तुकडा वेड्यावाकड्या टाक्यांचा, बिजागरी निखळलेला पिंजरा, आणि शिवणाच्या पेटीत रेशमात गुंडाळलेला मान मुरगळलेला पक्षी. पुरुष वरच्या खोलीत आणि गोठ्यात पुरावा शोधत फिरतात, पुरावा सगळा स्वयंपाकघरात.

इथे जी गडबड होते ती नीट समजून घ्या. मुलं लिहितात, 'बायकांना आतून कळतं, म्हणून त्यांनी ओळखलं.' हा साचाच झाला, फक्त कौतुकाचा. त्या दोघी अंतर्ज्ञानाने काही ओळखत नाहीत. टाके अचानक का बिघडले, काम हातातलं अर्धं टाकून बाई का उठली, हे त्यांना कळतं कारण ते काम त्यांनी जन्मभर केलेलं आहे. म्हणून प्रत्येक निष्कर्षापुढे 'कोणत्या कामाच्या माहितीवरून?' असा रकाना ठेवा. तो भरला की 'आतून कळतं' आपोआप बाद होतं.

मुलग्यांच्या गप्प बसण्याबद्दल. ते बहुतेकदा असहमतीने नाही, तर आपल्यावरच खटला चालू आहे असं वाटून गप्प असतात. त्यांना मत विचारू नका, काम द्या. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'च्या अकराव्या प्रकरणात हक हा मुलगा मुलीचा वेश करून जूडिथ लॉफ्टसच्या घरी जातो. ती त्याला पकडते ती अगदी बारीक परीक्षा घेऊन. सुई स्थिर धरून दोरा तिच्यात घालायचा की दोरा धरून सुई त्यावर आणायची. उंदराला शिशाचा गोळा मारताना हात खांद्यातून फिरतो की मनगट-कोपरातून. मांडीवर काही टाकलं तर गुडघे फाकतात की जुळतात. वर्गात सुईदोरा आणि एक मऊ चेंडू न्या, मुलं-मुली सगळ्यांनी करून बघायचं. निकाल लॉफ्टसबाईंच्या नियमांशी जुळत नाही हे दिसलं की प्रश्न विचारा: मग हे फरक आले कुठून? फ्रॉक घालून शिवण करणाऱ्या मुलीचे गुडघे फाकतात ते घागऱ्याच्या झोळीत वस्तू झेलायची सवय म्हणून. पँट घालणाऱ्याला झोळी कुठली? मुलगी असणं हे इथे कपड्यांतून आणि कामातून शिकलेलं वळण आहे, आणि हे मुलगे स्वतः बोलून दाखवतात. शिवाय या प्रकरणात सगळ्यांत हुशार माणूस ती बाईच आहे, हेही त्यांना दिसतं.

एक काळजी घ्या: त्याच प्रकरणात जिम या पळालेल्या गुलामाबद्दल बोलताना वर्णद्वेषी शिवी येते. उतारा कुठून सुरू करायचा ते आधी बघून ठरवा.

मिसिसिपीकाठ

वरचं सगळं चांगलं आहे, पण आतापर्यंतच्या सगळ्या बायका गोऱ्या आहेत. युनिट असंच संपलं तर मुलं 'अमेरिकन बाई' म्हणजे एवढंच असं धरून चालतील.

बार्बरा वेल्टर यांनी १९६६च्या लेखात १८२० ते १८६० या काळातल्या 'खऱ्या स्त्रीत्वा'चे चार गुण मांडले: धर्मनिष्ठा, शुचिता, आज्ञाधारकपणा, घरकाम. हे चार शब्द फळ्यावर लिहा आणि विचारा की गुलामगिरीत असलेल्या बाईला यातलं काय परवडत होतं? ज्या बाईला शेतात राबवलं जातं, जिची मुलं विकली जातात, जिच्या शरीरावर मालकाचा कायदेशीर ताबा आहे, तिला या व्याख्येत जागाच नाही. आणि ती जागा नाही म्हणूनच तिच्यासाठी वेगळे साचे बनले: मालकाच्या मुलांवर जीव ओवाळणारी जाडजूड 'मॅमी' आणि तिच्या उलट टोकाला 'वासनांध' काळी बाई. दोन्ही साच्यांनी मालकाची सोय झाली. पहिल्याने गुलामगिरी प्रेमळ दिसली, दुसऱ्याने बलात्काराचा दोष बाईवर गेला. दुसरा मुद्दा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसमोर शांत शब्दांत, तपशिलात न शिरता सांगता येतो, पण गाळू नये.

यासाठी एका तासाचा उत्तम मजकूर म्हणजे सोजर्नर ट्रुथ या गुलामगिरीतून सुटलेल्या वक्त्यांचं १८५१चं ॲक्रन, ओहायो इथलं भाषण. त्याच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी छापा. एक मरियस रॉबिन्सन यांनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात दिलेली, दुसरी फ्रान्सिस गेज यांनी १८६३ मध्ये लिहिलेली. 'मी बाई नाही का?' हे जगप्रसिद्ध पालुपद फक्त दुसरीत आहे. दक्षिणेकडच्या गुलामांची म्हणून ठरलेली बोलीही दुसरीतच. आता वर्गाला सांगा की ट्रुथ न्यू यॉर्क राज्यात जन्मल्या आणि लहानपणी डच बोलत होत्या. गेज यांच्या आवृत्तीत तेरा मुलं आहेत, ट्रुथना पाच होती. गेज त्यांच्या विरोधक नव्हत्या, स्त्रियांच्या हक्कांच्या बाजूच्याच होत्या. कळकळीच्या माणसाच्या हातूनही साचा कसा घडतो ते यापेक्षा स्वच्छ दाखवणारं दुसरं काही नाही. ट्रुथना लिहिता येत नव्हतं, म्हणून दोन्ही आवृत्त्या दुसऱ्यांच्या लेखणीतून आल्या आहेत, हेही सांगून ठेवा.

हर्स्टनची कादंबरी १९३७ची. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर पाच, सहा आणि सात ही प्रकरणं सलग घ्या. पाचव्यात गाव नायिका जेनीला दोन शब्द बोलायला सांगतं आणि नवरा जो स्टार्क्स मध्येच बोलून तिला गप्प बसवतो. सहाव्यात तिचे केस रुमालाखाली झाकायला लावतो, कारण दुकानात दुसऱ्या पुरुषाने त्यांना हात लावलेला त्याने पाहिला. सातव्यात ती भर दुकानात सगळ्यांसमोर उलट बोलते. मुलांनी तीनच रकाने भरायचे: तिला बोलायचं कधी होतं, कोणी अडवलं, ती कशी व्यक्त झाली. आजीचं दुसऱ्या प्रकरणातलं, काळी बाई म्हणजे जगाचं ओझं वाहणारं खेचर, हे म्हणणं आधी वाचून घ्या. मग सहाव्या प्रकरणातलं गावाचं खेचर भेटलं की मुलं स्वतःच धागा जोडतात.

बोलीतले संवाद मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊ नका. वर्गात पहिल्या दोन मिनिटांत नक्कल सुरू होते आणि काळ्या विद्यार्थ्यांना ते सोसावं लागतं. ध्वनिमुद्रण लावा, मुलं पुस्तकात बघत ऐकतील.

सदाफुली

स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन'बद्दल लिहिते. सहा भागांचं छोटं पुस्तक आहे, पूर्ण वाचा. शेतमळ्याच्या मालकाचा मुलगा कर्ली, त्याच्या बायकोला नाव नाही एवढं सांगून बहुतेक वर्ग थांबतात, खरं काम त्यानंतर आहे.

ती दारात उभी राहण्याआधीच म्हातारा मजूर कँडी नव्याने कामाला आलेल्या जॉर्जला तिच्याबद्दल सांगून मोकळा झालेला असतो. म्हणजे वाचकाच्या मनात ती येण्याआधी तिची बदनामी येते. दुसऱ्या भागात तिच्यासाठी वापरलेला प्रत्येक शब्द, तो कोणाच्या तोंडचा, आणि त्या क्षणी ती खोलीत होती का, एवढी नोंद ठेवायला सांगा. मग पाचव्या भागात ती जॉर्जचा सोबती लेनी याच्याजवळ स्वतःबद्दल बोलते: सिनेमात जायचं स्वप्न, न आलेलं पत्र, ते आईने लपवलं असा संशय, आणि कर्लीशी घाईने केलेलं लग्न. दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवल्या की निबंधाचा विषय तयार.

दोन धोके. पहिला, ती निव्वळ बळी आहे असं लिहून टाकणं. चौथ्या भागात तीच क्रुक्सला झुंडीकडून फासावर लटकवण्याची धमकी देते. घरात तिला काडीची किंमत नाही, पण काळ्या माणसासमोर तिच्या एका शब्दात त्याचा जीव घ्यायची ताकद आहे. दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या आहेत आणि दोन्ही निबंधात आल्याच पाहिजेत. दुसरा धोका लेखकाच्या पत्राचा. रंगभूमीवर ही भूमिका करणाऱ्या क्लेअर लूस यांना स्टाइनबेकने १९३८ मध्ये पत्र लिहून तिचं मन सहानुभूतीने उलगडून सांगितलं होतं. पत्र छान आहे, पण चर्चेच्या आधी दिलंत तर मुलं त्याला उत्तरपत्रिका समजतात आणि पुस्तक बघायचं सोडून देतात. चर्चा संपल्यावर द्या आणि विचारा: पत्रातली बाई पुस्तकात कुठे दिसते, कुठे दिसत नाही? ती मेल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा दुष्टपणा, डावपेच, लक्ष वेधून घेण्याची ओढ निघून गेली असं निवेदक म्हणतो. हे ना कँडीचं मत, ना जॉर्जचं. मग कोणाचं? इथे वर्गात मतभेद होतात आणि ते मिटवायची गरज नाही.

गॅट्स्बीतले तीन उतारे पुरे. पहिल्या प्रकरणातलं डेझीचं मुलीबद्दलचं बोलणं, की मुलीने सुंदर आणि मूर्ख असणंच बरं. तिसऱ्याच्या शेवटी निवेदक निक डेझीची मैत्रीण जॉर्डन हिच्या खोटेपणाबद्दल म्हणतो की बाईच्या अप्रामाणिकपणाचा आपण फार दोष धरत नाही, आणि थोड्याच ओळींनंतर स्वतःला मोजक्या प्रामाणिक माणसांत बसवतो. सातव्यात डेझीच्या नवऱ्याची प्रेयसी मर्टल हिचा मृत्यू कसा वर्णिला आहे ते. निवेदकावर कितपत विश्वास ठेवायचा, हे जॉर्डनच्या त्या एका वाक्यावरून फार चांगलं शिकवता येतं.

अकरावीचं_इंग्रजी

सर्वांचे मनापासून आभार. १५ तास असे बसवते आहे: रिप २, हक १, शोपँ १, ट्रुथ १, ट्रायफल्स २, जेनी ३, स्टाइनबेक ३, लेखन २. स्टाइनबेकचं वाचन पहिल्या दोन आठवड्यांत घरी, गॅट्स्बीचे उतारे गृहपाठात. 'त्या काळी असंच होतं' आणि गुण, हे दोन प्रश्न अजून उरले आहेत.

तळटीप

'त्या काळी असंच होतं' याला त्या काळातलीच माणसं उभी करा. आपल्याला मराठीत यासाठी एक दुर्मीळ साक्षीदार आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या, अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत हिंडल्या आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध केलं. तिथल्या स्त्रियांचं शिक्षण, नोकऱ्या, संस्था आणि मताधिकाराची चळवळ यांवर त्यात भरभरून लिहिलेलं आहे. शोपँच्या कथेच्या पाच वर्षं आधी अमेरिकन बायका सभा भरवत होत्या, डॉक्टर होत होत्या. इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. स्त्रियांवरच्या प्रकरणातली दोन पानं वर्गात वाचली की 'त्या काळी' म्हणजे एकच एक मत नव्हतं हे कळतं. मग प्रश्न बदलतो: बायका इतकं करत असताना कथेत मात्र नाजूक हृदयच का?

गुणांसाठी निबंध ६०० शब्दांचा, एकूण २० गुण. थेट मजकुरातले तीन पुरावे, प्रत्येकी ३, निवेदक कोण आणि त्याचा स्वार्थ काय, ५, साच्याविरुद्ध जाणारा एक तरी पुरावा त्याच मजकुरातून, ४, भाषा २. 'मजबूत', 'कमकुवत', 'बळी' आणि 'काळाच्या पुढची' हे चार शब्द निबंधात वापरायला बंदी ठेवा. या शब्दांनी विचार सुरू व्हायच्या आधीच थांबतो. विरुद्ध पुराव्याचे चार गुण सगळ्यांत अवघड जातात, म्हणून लेखनाच्या पहिल्या तासाला फक्त तेवढंच शोधून घ्या आणि कागद बघितल्याशिवाय मसुदा सुरू करू देऊ नका.

प्राजक्ता_दे

छापण्याबद्दल एक गोष्ट. आयर्व्हिंग, ट्वेन, शोपँ, ट्रुथ यांच्या भाषणाच्या दोन्ही आवृत्त्या आणि ट्रायफल्स यांच्यावर अमेरिकेत आता स्वामित्वहक्क नाही. गॅट्स्बीवरचाही २०२१च्या १ जानेवारीला संपला. हे सगळं हवं तितकं छापा, समासात नोंदीला जागा सोडून छापा. हर्स्टन आणि स्टाइनबेक दोन्ही १९३७चे, ते २०३३ उजाडेपर्यंत संरक्षित आहेत, म्हणून तिथे शाळेच्या प्रतीच वापरा आणि रंगवायच्या ऐवजी चिकटकागद द्या. स्टाइनबेकच्या चौथ्या भागाआधी पालकांना दोन ओळींची सूचना पाठवा: वर्णद्वेषी शिवी आहे, झुंडबळीची धमकी आहे, वर्गात तो शब्द कोणीही मोठ्याने उच्चारणार नाही. सूचना वाचनाच्या आठवडाभर आधी गेलेली असावी, म्हणजे प्रश्न असतील त्या पालकांशी बोलायला वेळ मिळतो.